नदीकडची भिंत

१

शाळेची बस मला पुलाशी सोडते. तिथून घर जवळ आहे, पण मला पोचायला वेळ लागतो, कारण मी पुलावर थांबून पलीकडच्या काठावर कोण चित्र काढत बसलंय ते पाहते. सप्टेंबरात कोणी ना कोणी असतंच. हेदरच्या झुडपांनी टेकड्या जांभळ्या होतात, क्रूझ नदीचं पाणी उतरून खडक वर येतात, आणि चित्रकार येतात. दीडशे वर्षांपासून येतायत. त्यांचा एक सपाट खडक ठरलेला आहे. चित्र टेकवायच्या ईझलच्या पायांनी त्यावर तीन खळगे पडलेत, अंगठा बुडेल एवढे खोल. नवा माणूस आला की आधी आपली ईझल त्या तीन खळग्यांत बसवतो, टोपी काढतो आणि मगच समोर बघतो.

समोर आमचं घर असतं.

खाली आईचं छोटं हॉटेल, वर पाहुण्यांच्या खोल्या, आणि अगदी टोकाला माझी आणि माझ्या बहिणीची खोली. घरात आम्ही तिघीच. नदीच्या बाजूला घराची पाठ आहे, ग्रॅनाइटची उंच भिंत, थेट पाण्यातून वर आलेली. तिला खिडकी नाही. आमची खोली त्याच भिंतीमागे असल्यामुळे आम्हाला दिवसाही दिवा लावावा लागतो.

चित्रांमध्ये मात्र त्या भिंतीला खिडकी असते. प्रत्येकाच्या चित्रात.

२

जेवणघरात तीन चित्रं टांगलेली आहेत. पहिलं ज्या उस्तादांमुळे गाव प्रसिद्ध झालं त्यांचं, तपकिरी, शांत. त्यात आमच्या भिंतीला मध्यावर खिडकी आहे आणि तिच्या झडपा बंद आहेत. दुसरं त्यांच्या शिष्याचं. ते ठिपक्याठिपक्यांचं आहे, लांबून पाहिलं तरच कळतं. त्यात एक झडप किंचित किलकिली आहे. तिसरं दोन महायुद्धांच्या मधल्या कोणा चित्रकाराचं, रंग सुरीने थापलेले. त्यात खिडकी सताड उघडी आहे आणि आत काळं आहे.

"पहिल्याने चौकट नीट बसावी म्हणून मनाने खिडकी घातली," माझी बहीण अपोलिन म्हणाली. आम्ही तिला पोलिन म्हणतो. "दुसऱ्याने गुरूच्या प्रेमाने घातली. तिसऱ्याने दुसऱ्याचं बघून. एकाला सर्दी झाली की सगळ्यांना होते, सिडो. ह्यालाच कलेचा इतिहास म्हणतात."

शेजारच्या टेबलावर मस्यू बेर्लान हसले. ते शातोरूच्या शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त आहेत आणि दर सप्टेंबरात आमच्याकडे उतरतात.

"मग मला पण सर्दीच झालीय म्हणायची," ते म्हणाले.

"तुम्हाला तर जुनाट सर्दी आहे, मस्यू. दरवर्षी तीच खिडकी!"

"पण मी झडपा लावलेल्याच काढतो. उस्तादांनी काढल्या तशा. उघडी मला झेपत नाही."

"झेपत नाही की भीती वाटते?"

"दोन्ही. मादाम, तुमच्या ह्या मुलीनं बोलण्यात गुंतवून माझं सूप गार केलं. दुसरं आणा, आणि ह्या खेपेला तिला आतच ठेवा."

पोलिनला शहरातल्या कलाशाळेत प्रवेश मिळाला होता. महिनाअखेरच्या सोमवारी हजर व्हायचं होतं. तोवर हजर नसलं तर जागा दुसऱ्याला. येताना प्रत्येकाने आपल्या गावाचं एक चित्र आणायचं, असं शाळेने कळवलं होतं. याआधी ती जागा कोणी पाहिलीच नव्हती असं समजून काढलेलं.

"मी आपली भिंत काढणार," पोलिनने जाहीर केलं. "नुसती भिंत. दीडशे वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी जे आहे ते काढेल."

आई सुपाचं भांडं घेऊन उभी होती. "चर्च काढ," ती म्हणाली.

"चर्च? आई, चर्च कॅलेंडरवाले काढतात."

"मग पूल काढ. गिरणी काढ. एवढं गाव पडलंय."

"पण का?"

आईने मस्यू बेर्लानांच्या ताटलीत सूप वाढलं. ताटली भरली तरी तिची पळी थांबली नाही, आणि थोडं सूप टेबलावर सांडलं. आई कधीच सांडत नाही.

३

पोलिन ज्या पेटीतले रंग घेऊन बसायची ती आईची होती. लग्न होऊन या घरात आली तेव्हा आई चित्रं काढायची. मग सोडून दिली. विचारलं तर म्हणायची, "मला येत नव्हतं गं नीट." पेटी मात्र तिने कोणाला दिली नव्हती, आणि आतले ब्रश धुऊन, सुकवून, कागदात गुंडाळून ठेवलेले होते.

शाळेतून आले की मी पोलिनला खायला घेऊन जायची. बहुतेक वेळा हेझलनटच्या केकचा तुकडा आणि फ्लास्कमध्ये कॉफी. तिने ईझल मुद्दाम खळग्यांत लावली नव्हती. खडकाच्या कडेला, गवतात लावली होती. पहिले काही दिवस ती खुशीत होती, शिट्टी वाजवत काम करायची. नदी झाली, खडक झाले, छप्पर झालं. भिंतीच्या मध्यावर तेवढा कोरा कॅनव्हास राहिला होता.

"तिथे का नाही रंगवलंस?"

"रंगवलं होतं. खरवडून काढलं. तिथे रंग बसत नाहीये." तिने डोळे बारीक केले. "बाजूचा करडा लावते तर तो खोटा दिसतो. तिथे थोडं गडद आहे. तुला नाही दिसत?"

मला शेवाळाचे डाग दिसत होते, आणि दगडांमधला चुना.

"डोळे बारीक करून बघ. पापण्यांच्या फटीतून. सगळे चित्रकार तसंच बघतात. बारीकसारीक काही उरत नाही, नुसता उजेड आणि अंधार उरतो."

मी तसं पाहिलं. दगड पुसट झाले, शेवाळ पुसट झालं. भिंतीच्या मध्यावर एक उभा चौकोन राहिला, चारी बाजूंनी सरळ.

मी डोळे उघडले. भिंत होती.

ओल असेल, असं मी मनाशी म्हटलं. शिवाय मी लहानपणापासून त्या तीन चित्रांखाली बसून जेवलेय. डोळे मिटल्यासारखे केले तर तीच दिसणार.

"दिसलं?" पोलिनने विचारलं.

"थोडं गडद आहे," मी म्हणाले.

"हो ना?" तिला इतकं बरं वाटलं की तिने अर्धा केक मला दिला.

४

आमच्या खोलीत पोलिनचा पलंग नदीकडच्या भिंतीला लागून आहे आणि माझा समोरच्या भिंतीला. मधे लाकडी फरशी. एका दुपारी मी गृहपाठाची वही घ्यायला वर गेले, तर त्या फरशीवर उजेडाची रेघ पडली होती.

बारीक रेघ होती. नदीकडच्या भिंतीकडून माझ्या पलंगाकडे येणारी. दाराच्या फटीतून आली असेल म्हणून मी दार घट्ट लावलं. रेघ तशीच राहिली. छपरातून असेल म्हणून पोलिनच्या पलंगावर चढून वर पाहिलं. फट कुठेच नव्हती. मग मी रेघेत हात धरला. हाताची सावली माझ्या पलंगाच्या बाजूला पडली. म्हणजे उजेड भिंतीकडूनच येत होता. हाताला उन्हाची ऊबही लागत होती.

दुसरा हात मी भिंतीला लावला. दगड विहिरीसारखा गार होता.

मला भूगोलात चांगले गुण आहेत, ऊन कसं फिरतं ते मला माहीत आहे. दुपारी त्या भिंतीवर बाहेरून ऊन पडतं, हे बरोबर. तिथे खिडकी असती तर ते आत आलं असतं आणि फरशीवर नेमकं इथेच पडलं असतं, हेही बरोबर. एवढा विचार करून मी पलंगावर बसले, आणि पाय वर घेतले.

त्या संध्याकाळी पोलिन हातांना टर्पेंटाइनचा वास घेऊन परत आली आणि न जेवताच आडवी झाली.

"काय काढलंस आज?"

"काही नाही. तो गडद भाग लावला फक्त. खरं जे आहे ते लावायलाच हवं ना?" मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "झडपा आहेत त्या, सिडो. एक थोडी उघडी आहे."

५

मस्यू बेर्लान त्या वर्षी लवकर निघाले. गाडीत पेटी ठेवताना त्यांनी पलीकडच्या काठाकडे पाहिलं.

"ती खळग्यांत बसलीय," ते म्हणाले.

खरंच. पोलिनची ईझल गवतात नव्हती. तिन्ही पाय खळग्यांत होते.

"तिथे बरं बसतं म्हणाली. हलत नाही."

"बरं तर बसणारच. इतक्या जणांनी बसवून ठेवलंय." त्यांनी आईशी हात मिळवला आणि तो बराच वेळ सोडला नाही. "मादाम, तुम्ही तिच्याशी बोला. मी परका पडलो."

आई पाहुण्यांच्या चादरी बदलत राहिली, चेस्टनट सोलत राहिली. मी मात्र रोज वर जाऊन फरशी पाहायची. रेघ पट्टीएवढी झाली. मग दाराच्या फळीएवढी. पोलिन शिट्टी वाजवेनाशी झाली. मी नेलेला केक मुंग्यांना मिळायचा. बोलताना ती माझ्या खांद्यावरून पलीकडे, घराकडे पाहत राहायची, डोळे बारीक करून. पुढे पुढे ती घरातही तसंच बघायला लागली. जेवताना ताटलीकडे, माझ्याकडे. मला वाटायचं, मी तिला आता नुसता उजेड आणि अंधार म्हणून दिसत असणार.

"सोमवारी बस किती वाजता आहे?" मी एकदा मुद्दाम विचारलं.

"पुरं झालं नाही तर नाही जाणार."

"जागा जाईल तुझी."

"जाऊ दे की. अजून कोणीतरी यायचंय."

"कुठे यायचंय?"

तिने ब्रशचं टोक कॅनव्हासवरच्या खिडकीकडे केलं. आता दोन्ही झडपा उघड्या होत्या. आत काळं होतं, पण सुरीवाल्याच्या चित्रातल्यासारखं सपाट नव्हतं. त्या काळ्याला खोली होती. मला आमच्या दिव्याची दोरी ओळखू आली.

त्या दिवशी मी आईचा हात धरून तिला वर नेलं. मी सहसा कोणाचा हात धरत नाही. फरशीवर उन्हाचा अख्खा चौकोन पडला होता, माझ्या पलंगाच्या पायांपर्यंत. आई दारातच थांबली. तिला आश्चर्य वाटलं नाही, हे मी पाहिलं.

"ही आमची खोली होती तेव्हा," ती म्हणाली. "मीही तिथेच बसायचे. मीही नुसती भिंतच काढणार होते. झडपा उघड्या होईपर्यंत गेले, मग चित्र चुलीत घातलं आणि पेटी मिटली. उजेड गेला. मला वाटलं, संपलं."

"मग आम्हाला का सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? आपल्याच घराकडे बघू नका म्हणून?" तिने डोळ्यांना ॲप्रन लावला. "मला वाटायचं, पुढचा कोणीतरी बाहेरचा येईल. बाहेरचेच यायचे ना सगळे. माझ्या पोटातूनच येईल असं वाटलं नाही. आणि पेटी तरी मी कशाला जपून ठेवली, तेच कळत नाही मला."

६

तो शनिवार होता. आईने पोलिनचं सामान बांधायला घेतलं आणि मला लोकरीचे मोजे आणायला वर पाठवलं.

मी दार उघडलं. चौकोन पूर्ण उजळला होता, आणि त्यात सावली होती.

डोकं आणि खांदे. कोणीतरी खिडकीशी उभं होतं, बाहेर बघत. सावली माझ्या पायांपाशी संपत होती. मी मान वर करून भिंतीकडे पाहिलं. दगड, पोलिनची उशी, उशीवर तिचा नाइटड्रेस. बाकी कोणी नव्हतं. खाली पाहिलं, सावली होती. तिने हात वर केला आणि सावकाश हलवला, ओळखीच्या माणसाला हलवतात तसा.

मी मोजे न घेता खाली धावले, मागच्या दाराने नदीवर. पलीकडे पोलिन उभी होती. तीही हात हलवत होती. कितीतरी दिवसांनी ती हसत होती.

"सिडो!" ती घराच्या वरच्या बाजूला पाहून ओरडली. "तशीच उभी राहा! हलू नकोस, चेहरा तेवढा घेते!"

"पोलिन! मी इथे आहे!"

तिने खाली, पाण्याच्या कडेला पाहिलं. मग पुन्हा वर. मग पुन्हा खाली. तिचा वर केलेला हात तसाच राहिला. नदी अरुंद आहे, तिच्या तोंडावरचं हसू जाताना मला स्पष्ट दिसलं. पण तिचा दुसरा हात, ब्रशचा, थांबला नव्हता. ती त्याच्याकडे बघतही नव्हती आणि तो कॅनव्हासवर चालला होता.

"आई!" ती किंचाळली. "आईला बोलाव! हा थांबत नाहीये!"

७

आई पुलावरून पळत गेली. मी मागोमाग निघाले तर तिने मला मागे लोटलं.

"तू वर जा. खोलीत. फरशीवर काय होतं ते मला ओरडून सांग."

"जाळून टाक ना ते!"

"जाळून नुसतं थांबतं. मिटत नाही. चित्रातल्या झडपाच लावते. बेर्लान दरवर्षी बंद झडपा काढतात, त्यांच्या वाटेला कधी काही आलं का?"

मला त्या खोलीत जायचं नव्हतं. पण पोलिनचं रडणं नदीवरून येत होतं. लहानपणी दातदुखीनं रडायची तसं. मी गेले आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. सावली होती. हात आता खाली होता.

खिडकी नसूनही मला बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. पाण्याचा आवाज, आईने पोलिनच्या मुठीतून ब्रश सोडवला तो झटापटीचा आवाज, पेटीत ट्यूब शोधताना झालेली खळखळ. आईने इतक्या वर्षांत ब्रश हातात धरला नव्हता. मग बराच वेळ काही नाही. मग चौकोनाची डावी कड सरकली.

"डावीकडची झडप लागतेय!" मी ओरडले.

अर्धा चौकोन गेला. माझ्या पलंगाचा एक पाय अंधारात गेला. मग उजवी कड सरकायला लागली, हळूहळू. आई जपून रंग लावत असणार. उजेडाची पट्टी राहिली, तिच्यात सावली मावेना. खांदे आधीच गेले होते.

तेव्हा ती सावली वळली. एवढंच मी पाहिलं. आतापर्यंत गोल असलेल्या डोक्याला एका बाजूने नाक आणि हनुवटी आली, क्षणभर, आणि मग तीही गेली, कारण तिने तोंड पूर्ण फिरवलं होतं. खोलीकडे.

पट्टीची रेघ झाली.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मी हे आधीच ओळखायला हवं होतं, मला ऊन कसं पडतं ते कळतं. सावली खोलीत पडत होती, म्हणजे जे उभं होतं ते उजेड आणि फरशी यांच्या मधे उभं होतं. बाहेर पाय ठेवायला जागा नाही, खाली थेट नदी आहे. म्हणजे खिडकीच्या आतल्या बाजूला.

"सिडो!" पलीकडून आईचा आवाज आला. "लागली का दोन्ही?"

रेघ दोऱ्याएवढी राहिली होती. मी थांब म्हटलं असतं तर आई थांबली असती. मग झडपा थोड्या उघड्या राहिल्या असत्या आणि पोलिन पुन्हा त्या खडकावर गेली असती, सोमवारी, मंगळवारी, रोज.

"सिडो! सांग ना गं!"

मी हळू आवाजात बोलते म्हणून शाळेत सगळे हसतात. त्या दिवशी मी पोटातून ओरडले.

"अजून थोडं! लाव!"

दोरा गेला. खोली नेहमीसारखी अंधारी झाली. दिव्याची दोरी पोलिनच्या पलंगाजवळ आहे, ती ओढायला मला फरशी ओलांडावी लागणार होती. मी ओलांडली नाही.

"लागली?"

"हो," मी म्हणाले. "लागली. झालं, आई."

पलीकडे दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या, ते ऐकू येत होतं. मग तेही पुसट झालं, दगडाच्या भिंतीतून यावं तसं.

पोलिन सोमवारच्या बसने गेली. ती बरी आहे, जेवते, तिकडे आता मातीकाम शिकते, मडकी आणि पुतळे. रंगाला हात लावत नाही, आणि आईला त्याचं फार वाईट वाटतं. त्या पोरीचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, असं ती रोज एकदा तरी म्हणते. माझ्याबद्दल ती काही विचारत नाही. मी म्हटलं, पोलिन गेल्यावर खोली मला एकटीला पुरते, आणि तिला ते पटलं.

खोली पुरते. मी माझ्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपते, माझ्या बाजूच्या भिंतीकडे. पोलिनच्या पलंगावरची चादर मी दर रविवारी बदलते, कारण ती बदलावी लागते.